कॉलेजच्या मैदानावरचं आख्यान

या, जवळ सरकून बसा. भिंतीला टेका हवं तर, गोष्ट थोडी लांब आहे. जन्मभर मी दुसऱ्यांच्या तोंडून आख्यानं ऐकली. देवळात ऐकली, मांडवात ऐकली, झांज वाजवत ऐकली आणि पदरानं डोळे पुसत घरी आले. आज सांगते ते मात्र माझ्याच वाट्याला आलेलं आहे. त्यात देव येतो, पण उशिरा. आधी मी येते. कॉलेजच्या मैदानावर ओणवी, हातात फक्कीचं घमेलं.

ऑक्टोबरातली सकाळ होती. आठ महिने बंद असलेलं आमचं कॉलेज दुसऱ्या दिवशी उघडायचं होतं आणि त्या दिवशी दुपारी चार वाजता मैदानावर कीर्तन होतं. माणसांनी लांब लांब बसावं म्हणून मी मातीवर पांढरी वर्तुळं काढत होते. दोरीनं मापायचं, खुंटी ठोकायची, फक्की सोडायची. घनवट सर पाठीमागे हात बांधून आले. मास्क कानापासून हनुवटीपर्यंत नीट ओढलेला.

"मावशी, दोन वर्तुळांत सहा फूट हवेत. आज पेपरवाले फोटो काढतील."

मी म्हटलं, हो सर. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पहिल्या रांगेतलं, बरोबर मधलं वर्तुळ काढलं. त्याच्यावर फक्की दोनदा फिरवली. इतरांपेक्षा ते ठळक उठून दिसत होतं. त्यांनी विचारलं, हे कुणासाठी? मी म्हटलं, तुमच्यासाठी, तुम्ही यजमान ना. ते खूश झाले. मीसुद्धा खूश होते. सात महिन्यांत इतकी खूश मी झाले नव्हते.

माझं नाव इंदू गुरव. बार्शीच्या पुढे एक तालुक्याचं गाव आहे, तिथल्या कॉलेजात मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या धुवायच्या, बर्नर पुसायचे, पोरींनी सांडलेलं अ‍ॅसिड आवरायचं. माझा थोरला भाऊ वामन त्याच कॉलेजच्या गेटवर शिपाई. कंत्राटी, दर सहा महिन्यांनी नवी ऑर्डर. आम्ही गुरव, रामेश्वराच्या देवळाची पूजाअर्चा आमच्या घरात, त्यामुळे कीर्तन आम्हाला दुधाबरोबर मिळालेलं. दादा मृदंग वाजवायचा, मी झांज. केसकर बुवा पंचक्रोशीत कुठंही कीर्तनाला उभे राहिले की त्यांच्या मागे आम्ही दोघं बहीणभाऊ ठरलेले. बुवा म्हणायचे, वामन्याचा हात मृदंगावर पडला की मला शब्द शोधावे लागत नाहीत.

टाळेबंदीनंतरच्या त्या फेब्रुवारीत सरकारनं कॉलेजं उघडायला परवानगी दिली. आमच्याकडे सोमवारी उघडलं. निम्मीच मुलं बोलवायची, बाकांवर खडूनं फुल्या मारायच्या, गेटवर प्रत्येकाचा ताप मोजायचा आणि रजिस्टरात आकडा लिहायचा. ती ताप मोजायची बंदूक दादाच्या हातात दिली होती. दादा ती कपाळासमोर धरायच्या आधी समोरच्याला नमस्कार करायचा. पोरं हसायची. दादा म्हणायचा, अरे, कुणावर बंदूक रोखायची म्हणजे आधी माफी मागायला नको का?

गुरुवारी विद्यापीठाची समिती येणार होती. कॉलेज कसं सुरक्षित उघडलंय ते बघायला. घनवट सर तेव्हा उपप्राचार्य. प्राचार्यांची खुर्ची रिकामी होती आणि ती कुणाला मिळणार ते त्या समितीच्या शेऱ्यावर बरंचसं ठरणार होतं. सर साडेदहाला गाडीतून आले. दादानं काच खाली करायला लावली, नमस्कार केला, बंदूक धरली. आकडा आला शंभर पॉईंट नऊ. दादानं पुन्हा धरली. पुन्हा तेच.

दादानं सांगितलं, सर, आज घरी जायला लागतंय. नियम तुम्हीच लिहिलाय. सर म्हणाले, उन्हातून आलोय, काच तापली, कपाळ तापलं. मग म्हणाले, समिती अकराला येतेय आणि मी गेटवरून परत जाऊ?

"सत्त्याण्णव लिही, वामन."

आणि दादानं सत्त्याण्णव लिहिलं.

सर आत गेले. समितीबरोबर बंद खोलीत तीन तास बसले. दादानं त्या खोलीत दोनदा चहा नेला, एकदा पाणी नेलं. शनिवारी सर रजेवर गेले. पुढच्या बुधवारी दादाला ताप भरला. लायब्ररीतले एक सर आणि ऑफिसातली एक बाई, ती दोघंही आजारी पडली, देवाच्या दयेनं बरी झाली. आठवडा संपायच्या आत कॉलेज बंद झालं आणि गेटवर पत्रक लागलं. ते मला तोंडपाठ आहे. 'महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याने बाहेरगावी गर्दीच्या कार्यक्रमास उपस्थित राहून निष्काळजीपणा केल्यामुळे संसर्ग पसरला असून महाविद्यालय पुढील आदेशापर्यंत बंद राहील.' खाली घनवटांची सही, रजेवर असताना घरून केलेली.

नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. बाहेरगावी गर्दीत जाणारा कर्मचारी म्हणजे मृदंग वाजवणारा. ज्यानं त्यानं ते पत्रक मोबाईलवर पुढं पाठवलं, सरांनाही दादामुळेच झालं असं धरून. नळावर बायका वहिनीची घागर आली की आपली घागर उचलून बाजूला व्हायच्या. दादा तेव्हा दवाखान्यात होता. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं मोबाईलवर ते पत्रक त्याला वाचून दाखवलं, भल्या मनानं बरं का, गावची बातमी म्हणून. दादाचा फोन आला. श्वास लागत होता, एक वाक्य तीन तुकड्यांत यायचं.

"इंदे, मी कुठं बाहेरगावी गेलो नव्हतो गं. लोकांना सांग."

चौथ्या दिवशी तो गेला. आम्हाला लांबून दाखवला. रामेश्वराच्या पिंडीवर चाळीस वर्षं बेल वाहणाऱ्या माणसाच्या अंगावर एक पान घालता आलं नाही.

मी लोकांना सांगत सुटले. कुणी ऐकेना. बहीण आहे, बोलणारच, असं म्हणायचे. मग मी बोलणं सोडलं आणि रोज देवळात जाऊ लागले. तुम्हाला वाटेल शांती मागायला. छे. मी घनवटांचं वाईट मागत होते. अगदी निरांजन लावून, हात जोडून, मनापासून. त्यांची गाडी बंद पडू दे इथपासून सुरू केलं आणि जिथवर गेले ते सांगत नाही. गाभाऱ्यातून बाहेर येताना मला स्वतःचीच भीती वाटायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. वहिनी, मथुरा तिचं नाव, तिच्याकडे रात्रीचं जेवायला जायची. दोघी एकाच ताटाशी बसायचो. ती म्हणायची, वन्सं, तुमच्यामुळे हे घर उभं आहे. मी खाली मान घालून भाकरी मोडायची.

इकडे घनवट बरे होऊन आले ते प्रभारी प्राचार्य होऊनच. आणि गंमत बघा, माणूस पालटला म्हणावा असा नियमांच्या मागे लागला. खिडक्यांना मारलेले खिळे उपसून काढले. दोन दारं केली, एक आत यायचं, एक बाहेर जायचं. घंटा बंद केली, कारण घंटा झाली की पोरं एकदम बाहेर लोटतात. प्रयोगशाळेत एका टेबलावर एकच मुलगा. पायानं दाबायचं सॅनिटायझर. मला मान्य करावं लागतं, सगळं बरोबर होतं. पेपरात छापून आलं की इतर कॉलेजांनी आमच्याकडे बघून शिकावं. तो कागद मी चुलीत घातला.

ऑक्टोबरात उघडायचं ठरलं तेव्हा हेडक्लार्क सोनटक्के यांनी मला बोलावलं. म्हणाले, मावशी, सगळ्या स्टाफचे लशीचे दाखले आणि जुने तपासणीचे रिपोर्ट एका फायलीत नावाप्रमाणे लावून द्या, वरून मागितलेत. मी लावायला बसले. घ अक्षरावर आले. घनवटांच्या रजेच्या अर्जाला त्यांचा रिपोर्ट टाचलेला होता. आजारपणाची विशेष रजा हवी तर रिपोर्ट जोडावा लागतो, आणि घनवट कागदाच्या बाबतीत इतके काटेकोर की त्यांनी तो स्वतःच्या हातानं जोडला होता. नमुना दिला, सतरा फेब्रुवारी. रिपोर्ट मिळाला, अठरा फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. बाधित.

त्याच दिवशी, त्या गुरुवारी, गेटवर ते आले साडेदहाला.

उन्हानं कपाळ तापलं नव्हतं. माणसाला माहीत होतं. मोबाईलवर रिपोर्ट वाचून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो गेटवर आला होता. सोनटक्क्यांनी रजा मंजुरीला लावताना तारखेकडे बघितलंच नसावं, त्यांना फक्त कागद जोडलाय की नाही एवढंच बघायचं असतं. मी तो कागद तिथंच परत लावला. तोंडात साखर विरघळावी तसं वाटत होतं. देवानं माझं ऐकलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात कीर्तनाचं निघालं. आईबाप पोरांना कॉलेजात धाडायला तयार होईनात. पहिल्या वेळचं सगळ्यांच्या लक्षात होतं. संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब कीर्तनवेडे. म्हणाले, उघडायच्या आदल्या दिवशी मैदानावर बुवांचं कीर्तन ठेवा, माणसं आपल्या पायांनी येतील, व्यवस्था बघतील, पूर्वरंगात बुवा चार नियमही सांगतील. घनवटांनी होकार दिला.

मी तडक बुवांच्या घरी गेले. बुवा तेव्हा ऐंशीला टेकलेले. ओट्यावर पाय सोडून बसले होते. मी सगळं सांगितलं. गेट, सत्त्याण्णव, पत्रक, रिपोर्टवरची वेळ. आणि म्हटलं, बुवा, उत्तररंगात पुराणातलं आख्यान नको, माझ्या दादाचं लावा.

तुम्हाला रीत माहीत असेलच, तरी सांगते. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती नारदाची गादी. तिथं उभ्या माणसाला लहानथोर सगळे वाकतात. आणि एकदा आख्यान सुरू झालं की आरतीपर्यंत कुणी उठायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. राजा असला तरी. मला तेच हवं होतं. घनवट पहिल्या रांगेत बसणार, सगळा गाव मागे बसणार, आणि त्यांना उठता येणार नाही.

बुवांनी पायाचा अंगठा चोळला. मग म्हणाले, "इंदे, तुला वामन्याचं नाव धुवायचंय की त्या माणसाला झोडायचंय?"

"दोन्ही."

"खरं बोललीस." त्यांनी मान हलवली. "मग एक सांग. गेटवर तेव्हा आणखी कोण होतं?"

मी म्हटलं, कुणी नव्हतं.

बुवांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, मी आख्यान अर्धं लावत नाही, माझ्या गुरूंनीही कधी लावलं नाही. पुन्हा काही विचारलं नाही. म्हणाले, बरं, लावू.

कीर्तनाला दोनशेवर माणसं आली. प्रत्येक जण आपापल्या वर्तुळात, तोंडं झाकलेली, नुसते डोळे. नानासाहेब डावीकडे खुर्चीवर. घनवट मी काढलेल्या ठळक वर्तुळात मांडी घालून. बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत मथुरा वहिनी. ती सात महिन्यांत पहिल्यांदाच चारचौघांत बसली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंची वर्तुळं रिकामी होती. कुणी बसलंच नाही तिथं.

पूर्वरंग बुवांनी छान रंगवला. माणसानं माणसाला सांभाळावं एवढंच निरूपण, पण खिडकी उघडी ठेवण्यापासून हात धुण्यापर्यंत सगळं त्यात आणलं. एकदा म्हणाले, देवाला सोवळं चालतं तर तुम्हाला मास्क का चालू नये, पूर्वी नाक धरून प्राणायाम करायचा, आता झाकून करा. लोक हसले. झांजेवर मीच होते, मृदंगावर बार्शीचा एक माणूस आणला होता. तो बरा वाजवत होता, पण बुवांना मध्ये मध्ये शब्द शोधावे लागत होते.

पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला बुक्का लावून हार घालतात. घनवट उठले, हात लांब करून हार बुवांच्या हाती दिला. बुवांनी तो गळ्यात घातला आणि मग जे केलं ते मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी हार काढला, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मागे वळून माझ्या खांद्यावर टाकलं.

"उत्तररंग तुझा," म्हणाले. "माझा दम भरलाय."

दम कसला भरतोय. सकाळी तेच रामेश्वराच्या पायऱ्या चढून आले होते. त्यांनी माझ्या हातातली झांज काढून घेतली आणि माझ्या जागी जाऊन बसले. मी गादीवर उभी. समोर दोनशे डोळ्यांच्या जोड्या. मध्ये ते वर्तुळ होतं, त्यात ते होते, आणि मला धीर आला.

मी सांगायला लागले. मला वाटलं नव्हतं मला येईल म्हणून. आयुष्यभर ऐकलेलं सगळं कामाला आलं, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली न्यायचा. मी म्हटलं, एका नगरीचं एक दार होतं. दारावर एक भक्त होता, त्याच्या हातात एक यंत्र, माणसाच्या आतला ताप सांगणारं. एका सकाळी नगरीचा एक मोठा माणूस आला. मी नाव घेतलं नाही. कीर्तनात घ्यायचं नसतं. शंभर पॉईंट नऊ म्हटलं तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी खोकललं. सत्त्याण्णव म्हटलं तेव्हा मागच्या रांगांत माना वळल्या. मग मी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांचं सांगितलं. तो कागद कुणी जोडला, कशाला जोडला, कोणत्या फायलीत आहे. मग पत्रक. शब्द न् शब्द.

दोनशे माणसं घनवटांकडे बघत होती. त्यांचा मास्क श्वासाबरोबर आतबाहेर होत होता. उठायला म्हणून त्यांनी एक हात जमिनीला टेकला, आणि नानासाहेबांनी खुर्चीवरून नुसतं त्यांच्याकडे बघितलं. हात परत मांडीवर गेला. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला कधी काही लागलं नाही. वाटलं हे संपूच नये. त्यांनी असंच बसावं आणि मी असंच सांगत राहावं. मी दादाचं शेवटचं वाक्य सांगितलं, बाहेरगावी गेलो नव्हतो गं. बायका रडायला लागल्या. वहिनीच्या शेजारच्या रिकाम्या वर्तुळात मागची एक म्हातारी उठून येऊन बसली. माझं काम झालं होतं. मी आरतीसाठी हात जोडले.

मागून झांजेचा एकच ठोका पडला.

मी वळले. बुवा माझ्याकडे बघत होते. फार हळू म्हणाले, "अर्धं झालं, इंदे."

त्यांना कुणी सांगितलं होतं की त्यांनी ओळखलं होतं, मला आजही माहीत नाही. पण त्या जागी उभं राहून मला दुसऱ्यांदा 'कुणी नव्हतं' म्हणता येईना.

मी पुन्हा समोर वळले. म्हटलं, त्या दारावर दोघंच नव्हते. तिसरं माणूस होतं.

ती मी होते. दादानं लगेच सत्त्याण्णव लिहिलं नव्हतं. लेखणी खाली ठेवली होती त्यानं. सरांना म्हणाला, मला हे जमायचं नाही, आणि प्रयोगशाळेत मला फोन केला, इंदे, जरा ये. मी हात पुसत गेटवर गेले. सर गाडीत, काच खाली. दादानं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, काय करू? त्याला माझ्याकडून एवढंच ऐकायचं होतं, तू बरोबर आहेस, दादा. आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, लिही बाबा, साहेब आहेत. मार्चात तुझी ऑर्डर निघायचीय, त्यावर यांचीच सही लागते. एका आकड्यानं काय होतंय.

दादानं माझ्याकडे बघितलं आणि लेखणी उचलली.

एवढं मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. शेवटी म्हटलं, एकानं लिही म्हटलं ते खुर्चीसाठी, एकीनं लिही म्हटलं ते मायेपोटी, आणि ज्याला लिहायचं नव्हतं तो एकटाच गेला.

नंतर मला कळलं की घनवट तयारीत होते. शेजारच्या वर्तुळातल्या प्राध्यापकाकडे झुकून त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आरती झाली की मी माईक घेतो, बाई शोकानं भ्रमिष्ट झालीय, सूड उगवतेय. आणि लोकांनी ते मानलंही असतं. पण जी बाई स्वतःलाच फासावर चढवते तिला सुडानं बोलली कसं म्हणणार? माझ्या अर्ध्या आख्यानातून ते सुटले असते. पुऱ्या आख्यानानं त्यांना धरलं.

आरती झाली. नानासाहेब उठले. त्यांनी काठी टेकत घनवटांपुढे येऊन विचारलं, हे खरं का?

घनवटांनी गादीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. मग म्हणाले, "खरं आहे. रिपोर्ट मी सकाळी वाचला होता. पत्रकही मीच लिहिलं. वामन बाहेरगावी गेला नव्हता."

त्यांनी प्राचार्यपदाचा राजीनामा त्याच संध्याकाळी दिला. पुढं चौकशी झाली, गाव सोडून गेले. दुसऱ्या दिवशी कॉलेज उघडलं ते नवं पत्रक लावूनच, त्यात दादाचं पूर्ण नाव, वामन शंकर गुरव, आणि त्याची काही चूक नव्हती असं चक्क लिहिलेलं. मला मेमो मिळाला, मी लेखी जबाब दिला. पोरं आली, सहा सहा फुटांवर बसली, आणि त्या वर्षी आमच्या कॉलेजातून कुणी आजारी पडलं नाही. तेवढं यश मी घनवटांच्या नियमांना देते. माफी मात्र दिलेली नाही. देवळात अजून कधी त्यांचं नाव तोंडात येतं, आणि चांगल्यासाठी येत नाही. देव मला ओळखून आहे.

पण मला त्या दिवसाचंच सांगायचंय, आरतीनंतरचं.

लोक लांबून नमस्कार करून जात होते. गादीवर उभ्या माणसाला वाकायचंच असतं, म्हणून वाकत होते. मथुरा वहिनी सगळ्यात शेवटी आली. ती वाकली नाही.

"वन्सं, तुम्ही होता तिथं?"

"होते."

"सात महिने माझ्या ताटात जेवलात."

ती रडत नव्हती. आवाज अगदी साधा, मीठ आहे का विचारावं तसा.

"मला आधी सांगितलं असतं तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. कदाचित रडले असते तुमच्या गळ्यात पडून. पण दोनशे माणसांबरोबर ऐकलं मी. माझ्या नवऱ्याची गोष्ट, मला सगळ्यांबरोबर कळली." तिनं पदर खांद्यावर घेतला. "घनवटांचा न्याय तुम्ही केलात, बरं झालं. तुमचा मी करते. आजपासून तुम्ही माझ्या उंबऱ्यात यायचं नाही. त्यांच्या वर्षश्राद्धालाही नाही."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिच्या सुडाला माझ्याइतकी वाट बघावी लागली नाही, आणि माझ्यापेक्षा तो नेमका बसला.

याला आता बरीच वर्षं झाली. बुवा गेले. दादाच्या तिथीला रामेश्वराच्या देवळात गाव कीर्तन करतं, नवे बुवा पूर्वरंगाच्या आधी त्याचं नाव घेतात, कॉलेजची पोरंसुद्धा येतात ज्यांनी त्याला कधी बघितलं नाही. वहिनी येते. बायकांत मागे बसते, आणि मी झांज खाली ठेवायच्या आत उठून गेलेली असते. आमच्या दोन घरांत एक गल्ली आहे. तिच्या अंगणात वाळत घातलेली लुगडी मला माझ्या खिडकीतून दिसतात. आजारी आहे की बरी, ते मी त्यावरून ओळखते.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे. दादाला आठवायला अख्खं गाव आहे, त्याची काळजी नको. मला आठवू नका. पण उद्या सकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा एक नाव घ्या, मथुरा वामन गुरव. जिचा नवरा गेला, नाव गेलं, नाव परत आलं, आणि त्याच दिवशी नणंद गेली. मी सांगितलं म्हणून घेता असं तिच्या कानावर जाऊ देऊ नका. नुसती आठवण ठेवा तिची.